सहा डोंगल, एकच पॅकिंग : नंदनवनच्या अभ्यासिकेतल्या लिनक्सची पूर्ण केस

सकाळी पावणेदहाला नागपुरातल्या नंदनवनची अभ्यासिका सांभाळणाऱ्या काकाजींचा फोन. "भाऊ, आतल्या खोलीतलं नेट गेलं. सहाच्या सहा पीसी." मी म्हटलं राउटर बंद-चालू करून बघा. "केला ना जी, दोनदा केला. बाहेरच्या चारमध्ये चालून राहिलं, आतल्यातच नाई." मग जरा थांबून म्हणाले, "आज त्या भरतीच्या फॉर्मचा शेवटचा दिवस आहे. पोरं उभी आहेत इथं."

मे महिना होता, आदल्या रात्री वादळ येऊन अर्ध्या नंदनवनची लाइट गेली होती. म्हणून पहिला संशय साहजिकच लाइटवर गेला, काहीतरी जळलं असणार. जळलं काहीच नव्हतं. दिवसभराच्या खटपटीनंतर कळलं की चूक माझी होती आणि ती मी चार महिने आधीच करून ठेवली होती, वादळ फक्त निमित्त झालं. ही केस सविस्तर लिहून ठेवतोय कारण लिनक्समध्ये (विंडोजच्या जागी चालणारी खुली सिस्टिम) ड्रायव्हर, म्हणजे हार्डवेअर चालवणारा कोड, फ्री म्हणजे खुल्या सोर्सचा असावा की कंपनीचा बंद चालतो यावर कॉलेजपासून मी पोटतिडकीने भांडत आलोय, आणि या एका दिवसात समजलं की मी भांडत होतो तो प्रश्नच अर्धवट होता.

आधी सेटअप सांगतो. दोन खोल्यांची अभ्यासिका, वर मालक राहतात, खाली पोरं स्पर्धा परीक्षेची तयारी करतात. दहा रिफर्बिश्ड डेस्कटॉप, चौथ्या पिढीचे आय३, ८ जीबी रॅम, एसएसडी मीच टाकल्या. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे आधीच जाहीर होतं, विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, म्हणजे या दहाही मशीन कंपनीच्या हिशोबाने भंगार. काकाजींना म्हटलं भंगार नाहीत, लिनक्स टाकू, पाच वर्षं आरामात चालतील. काकाजी रिटायर्ड मास्तर, त्यांनी एकच विचारलं, "बिघडलं तर कोण येईल?" मी म्हटलं मी आहे ना. हे वाक्य नंतर चांगलंच महागात पडलं.

जानेवारीत सगळीकडे लिनक्स मिंट टाकलं, लिनक्सचाच एक तयार प्रकार. पेनड्राइव्हवर मिंट २१ पडलेलं होतं तेच टाकलं, त्यात ५.१५ कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा. नवं मिंट २२ सहा महिन्यांपूर्वीच आलेलं होतं पण डाउनलोड कोण करत बसणार, असा तो आळस. डेस्कटॉपचं बाकी सगळं पहिल्या फटक्यात चाललं, आवाज, ग्राफिक, मागचा लॅन पोर्ट, काही म्हणजे काही शोधावं लागलं नाही. त्या पिढीच्या इंटेल ग्राफिकची तर मजा अशी की ड्रायव्हर पूर्ण खुला, कर्नलमध्येच, आणि वरून फर्मवेअरची, म्हणजे यंत्राच्या आत चालणाऱ्या सॉफ्टवेअरची, एखादी बंद फाइलही लागत नाही. आजच्या मशीनमध्ये इतकं स्वच्छ काही मिळत नाही.

अडलं ते वायफायवर. राउटर बाहेरच्या खोलीत, तिथले चार पीसी वायरने जोडले. आतल्या खोलीत वायर न्यायची तर भिंतीला भोक पाडावं लागेल आणि घरमालक आजी म्हणाल्या भिंतीला हात लावायचा नाही, नुकताच रंग दिलाय. मग सीताबर्डीवरून सहा यूएसबी वायफाय डोंगल आणले, नखाएवढे, साडेतीनशेला एक. एकाच डब्यातले, एकच पॅकिंग, एकच मॉडेल नंबर.

लावले तर एकही चालेना. दोन डोंगल लावल्यावर स्क्रीनवर चक्क सीडीचं चित्र येत होतं. हे काही स्वस्त डोंगलचं नेहमीचंच नाटक आहे, आधी ते सीडी ड्राइव्ह असल्याचं सोंग घेतात, आत विंडोजचा ड्रायव्हर भरलेला असतो, आणि तो बसला की मग वायफायच्या रूपात येतात. लिनक्सवर त्यांना यूएसबी मोडस्विच नावाच्या टूलने हलवून जागं करावं लागतं. दोनमध्ये सीडी दिसते आणि चारमध्ये नाही, ही खूण तेव्हाच डोळ्यात भरायला हवी होती. पण समोर चहा आलेला, पोरं बघत बसलेली, मी पुढे गेलो.

चिपचा नंबर शोधला, कोणा भल्या माणसाने कंपनीचा ड्रायव्हर कोड दुरुस्त करून नेटवर टाकून ठेवला होता, तो उतरवला, मेक, मेक इन्स्टॉल या कमांडींनी कंपाइल करून बसवला, झालं. दोन डोंगलसाठी त्याने काम केलं नाही म्हणून तिथे दुसरा एक कोड उतरवून टाकला, का लागला हे न विचारता. आणि मनातून खूशही होतो, कारण दोन्ही कोड जीपीएल या खुल्या लायसन्सचे, सोर्स समोर उघडा, म्हणजे माझ्या व्याख्येत हे 'फ्री ड्रायव्हर'. कोणाचा बंद ब्लॉब, म्हणजे सोर्स न दिलेली तयार फाइल, मी या अभ्यासिकेत घेतला नाही असं मित्राला छाती फुगवून सांगितलंही होतं.

आता त्या मे महिन्याच्या सकाळी काय झालं ते. मिंटमध्ये ऑटोमॅटिक अपडेट मीच चालू करून ठेवले होते, काकाजींना रोज बटण दाबायला लावायचं नाही म्हणून. अपडेटमध्ये नवा कर्नल येऊन गुपचूप डिस्कवर बसला होता, पण मशीन बंद-चालू केल्याशिवाय तो लागू होत नाही, आणि काकाजी पीसी कधी बंदच करायचे नाहीत, नुसता मॉनिटर बंद करायचे. रात्री लाइट गेली, सकाळी दहाही मशीन नव्या कर्नलवर उठल्या. मी हाताने बसवलेलं ड्रायव्हरचं मॉड्यूल जुन्या कर्नलच्या फोल्डरमध्ये राहून गेलं, कारण कर्नलच्या प्रत्येक व्हर्जनचं मॉड्यूल-फोल्डर वेगळं असतं. ५.१५ चा शेवटचा आकडा बदलला तरी वेगळं. नव्या कर्नलला तो डोंगल ओळखताच येईना. वायरवाल्या चार मशीनचा लॅन ड्रायव्हर कर्नलच्या आतलाच, तो कर्नलसोबत आपोआप आला, म्हणून तिथे काही झालं नाही.

मी तेव्हा हिंगण्याला एका कामावर होतो. फोनवर काकाजींना सांगितलं, मशीन रीस्टार्ट करा, शिफ्ट दाबून धरा, काळा स्क्रीन येईल, त्यात दुसरी ओळ, मग आकड्यांची यादी दिसेल, त्यातला लहान आकडा घ्या. "लहान म्हणजे कोणता? सगळेच मोठे दिसून राहिले." शेवटी एका पोराला फोन दिला, त्याने पाच मिनिटांत समजून घेतलं. तोवर दोन मुलींनी स्वतःचा मोबाइल यूएसबीने पीसीला लावून टेदरिंग चालू करून फॉर्म भरून टाकले होते, कोणी न सांगता. अँड्रॉइडच्या टेदरिंगला लागणारा ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो त्यामुळे ते लावलं की चालतं. जुन्या कर्नलवर सहाही मशीन परत आल्या. फॉर्म सगळ्यांचे भरले गेले. मी संध्याकाळी पोचलो तेव्हा काकाजी रागावले नव्हते, हेच जास्त लागलं. फक्त म्हणाले, "हे आता दर वादळाले होणार का?"

प्रश्न बरोबर होता. आणि त्याचं उत्तर 'फ्री की प्रोप्रायटरी' या वादात सापडत नाही. माझा ड्रायव्हर फ्री होता. तरी तुटला. कारण तो कर्नलच्या घराबाहेर राहत होता.

हे जरा खोलात सांगतो कारण बऱ्याच जणांची इथेच गल्लत होते, माझी तर झालीच. लिनक्स कर्नल बाहेरच्या प्रोग्रामांना दिलेला शब्द पाळतो, दहा वर्षं जुना प्रोग्रामही सहसा नव्या कर्नलवर चालतो. पण कर्नलच्या पोटात ड्रायव्हर आणि बाकीचे भाग एकमेकांशी ज्या फंक्शनांतून बोलतात ती कधीही बदलू शकतात, आणि हे मुद्दाम आहे. कर्नलचे एक प्रमुख डेव्हलपर ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी लिहिलेलं एक टिपण कर्नलच्या कागदपत्रांतच आहे, आतला इंटरफेस कायमचा का गोठवणार नाही हे त्यात रोखठोक सांगितलंय. दर नऊ-दहा आठवड्यांनी नवा कर्नल येतो. ड्रायव्हर कर्नलच्या आत असेल तर जो कोणी आतलं फंक्शन बदलतो त्यालाच ते वापरणारे सगळे ड्रायव्हर दुरुस्त करून द्यावे लागतात, म्हणजे एखाद्या जुन्या चिपची काळजी असा माणूस घेतो ज्याने ती चिप आयुष्यात बघितली नसेल. ड्रायव्हर बाहेर असेल तर ही काळजी कोणीच घेत नाही, त्याचा सोर्स खुला असो की बंद. माझा नेटवरून उतरवलेला कोड म्हणजे घरात न राहणारा चुलतभाऊ, लग्नपत्रिकेत नाव आहे पण घराच्या वाटणीत हिस्सा नाही.

बंद ड्रायव्हरची अडचण याच्या एक पायरी पुढची. तिथे तुटलं तर मी सोडा, जगातला कोणीच दुरुस्त करू शकत नाही, कंपनी करेल तेव्हा. आणि चिपकंपनीला यात काय मिळणार? चिप विकून मोकळी, तिचे इंजिनिअर पुढच्या चिपवर लागलेले. कोड न उघडण्याची कारणं नुसत्या दुष्टपणाची नसतात हेही आता मान्य करतो. त्यात दुसऱ्याकडून लायसन्सवर घेतलेला कोड असतो, पेटंटची भीती असते, आणि वायफायच्या बाबतीत रेडिओची ताकद किती ठेवायची यावर प्रत्येक देशाचे नियम असतात, मग कंपनीला वाटतं कोड उघडला तर कोणी ती मर्यादा काढून टाकेल आणि परवानगी आपली जाईल.

पण फ्री सॉफ्टवेअरच्या या सगळ्या चळवळीची सुरुवातच एका ड्रायव्हरवरून झाली, तेही प्रिंटरच्या. १९८० च्या सुमारास एमआयटीच्या एआय लॅबमध्ये झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर आला, कागद अडकायचा, आणि रिचर्ड स्टॉलमनला त्यात 'कागद अडकलाय' असा निरोप सगळ्यांच्या स्क्रीनवर पाठवायची सोय करायची होती. आधीच्या प्रिंटरला त्याने ती केली होती कारण सोर्स होता. या वेळी सोर्स ज्याच्याकडे होता त्याने गुप्ततेचा करार केलाय म्हणून द्यायला नकार दिला. १९८३ मध्ये स्टॉलमनने जीएनयू हा फ्री ऑपरेटिंग सिस्टिमचा प्रोजेक्ट जाहीर केला त्याच्या मागे हा राग होता. कागद अडकण्यातून इतकं मोठं काही उभं राहील असं कोणाला वाटलं असेल.

आमच्या अभ्यासिकेतही प्रिंटर आहेच. छोटा लेझर, नागपुरातल्या निम्म्या झेरॉक्सच्या दुकानांत दिसतो तसाच, काकाजींनी कुठूनतरी सेकंडहँड घेतलेला. याची गंमत ऐका. या प्रकारच्या प्रिंटरच्या पोटात स्वतःचं सॉफ्टवेअर साठवायला जागाच नसते, पैसे वाचवायला ती ठेवलेलीच नाही. बटण दाबलं की प्रत्येक वेळी कॉम्प्युटरने यूएसबीवरून त्याला फर्मवेअरची फाइल भरवायची, मग तो शुद्धीवर येतो. मी जानेवारीत कंपनीचा बंद प्लगइन नाकारून लोकांनी स्वतः प्रोटोकॉल उकलून लिहिलेला फ्री ड्रायव्हर टाकला होता, आणि तो झकास चालतोही. पण ती भरवायची फाइल? ती कंपनीचीच. बंद. म्हणजे छाती फुगवून मित्राला सांगितलं तेव्हाही एक ब्लॉब रोज सकाळी त्या केबलमधून जातच होता.

यावर भांडणारे म्हणतात की फर्मवेअर वेगळं, ते आपल्या प्रोसेसरवर चालत नाही, यंत्राच्या आत चालतं, रॉममध्ये जाळलेलं असतं तर आपण विचारलंही नसतं. हे मला पटतं पण पूर्ण नाही. डेबियन या लिनक्सच्या आणखी एका प्रकारालाही वर्षानुवर्षं हेच छळत होतं. २०११ मध्ये डेबियन ६ आलं तेव्हा त्यांनी कर्नलमधून बंद फर्मवेअर वेचून बाहेर काढलं. तत्त्व म्हणून सुंदर, पण फक्त वायफाय असलेल्या लॅपटॉपवर इन्स्टॉल करताना मधेच तो म्हणायचा फर्मवेअर पेनड्राइव्हवर आणून द्या. नेट चालू करायला फाइल हवी, फाइल आणायला नेट हवं. शेवटी २०२२ मध्ये डेबियनवाल्यांनी मतदान घेतलं आणि फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये द्यायचं ठरवलं, जून २०२३ च्या डेबियन १२ पासून ते आहे, नॉन-फ्री-फर्मवेअर असा वेगळा कप्पा करून, म्हणजे आत काय घेताय हे निदान दिसतं. कप्पा वेगळा ठेवायची ही पद्धत मला सगळ्यात प्रामाणिक वाटते.

ग्राफिक कार्डाचं भांडण तर जगजाहीर. २०१२ मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठातल्या कार्यक्रमात लिनक्सचा कर्ता लिनस टोरवाल्ड्सने ग्राफिक कार्ड बनवणाऱ्या एन्व्हिडियाला कॅमेऱ्यासमोर बोट दाखवलं होतं, ते बोट कोणतं हे सांगायची गरज नाही. एन्व्हिडियाच्या कार्डांसाठी लोकांनी उकलून लिहिलेला नूवो ड्रायव्हर होता, पण २०१४ नंतरच्या कार्डांवर कंपनीची सही असलेलं फर्मवेअर लागायला लागलं आणि त्याशिवाय कार्डाचा वेग वाढवताच येईना, मग फ्री ड्रायव्हर म्हणजे बुलेट पहिल्या गिअरमध्ये चालवणं. मे २०२२ मध्ये एन्व्हिडियाने ट्युरिंग पिढीच्या आणि पुढच्या कार्डांसाठी कर्नल मॉड्यूलचा सोर्स खुला केला, मात्र बरंचसं काम कार्डावरच्या फर्मवेअरमध्ये गेलेलं आणि वरचा ग्राफिक्सचा थर बंदच. म्हणजे पुन्हा तेच, दार उघडं पण कपाटाला कुलूप. अभ्यासिकेतल्याच एका इंजिनिअरिंगच्या पोराने विचारलं तेव्हा मी त्याला त्याच्या लॅपटॉपवर कंपनीचा ड्रायव्हर टाकायला सांगितलं, त्याला कूडावर, म्हणजे एन्व्हिडियाच्या कार्डावर आकडेमोड करायच्या व्यवस्थेवर, प्रोजेक्ट करायचा होता, तिथे तत्त्व सांगून त्याचं सेमिस्टर कशाला घालवू.

परत केसवर येतो. त्या संध्याकाळी सहाही डोंगल काढून टेबलावर मांडले आणि माझ्या लॅपटॉपला एकेक लावून एलएसयूएसबी मारत गेलो. ही कमांड यूएसबीच्या प्रत्येक वस्तूचा खरा ओळख-नंबर दाखवते, डब्यावर काहीही छापलेलं असो. चारचा नंबर एक, दोनचा वेगळा. एकाच मॉडेलच्या नावाखाली दोन वेगळ्या चिप. डब्याच्या खाली बारीक अक्षरात व्हर्जन लिहिलेलं असतं, पण ते बघायला भिंग लागतं आणि दुकानात कोण बघतं.

चारवाल्या चिपची बातमी चांगली होती. तिचा यूएसबी ड्रायव्हर ६.२ कर्नलपासून, म्हणजे फेब्रुवारी २०२३ पासून, कर्नलच्या आतच आलेला. मी जानेवारीत नवं मिंट टाकलं असतं, किंवा मिंट २१ वरच अपडेट मॅनेजरमधून ६.८ कर्नल निवडला असता, तर बाहेरचा कोड उतरवायची वेळच आली नसती. सहाही मशीनवर ६.८ टाकला, मेक इन्स्टॉलचा सगळा पसारा पुसला, डोंगल लावले, चारमध्ये चार चालले. मुद्दाम दोनदा प्लग काढून लावला, वादळाची नक्कल. चालले.

दोन राहिले. त्यांच्या चिपचा ड्रायव्हर ६.८ मध्ये नव्हता. पर्याय होता डीकेएमएसचा, म्हणजे नवा कर्नल आला की बाहेरचा ड्रायव्हर आपोआप पुन्हा कंपाइल करणारी व्यवस्था, जी खरं तर मी पहिल्याच दिवशी लावायला हवी होती. त्याने फोल्डर बदलल्याचा त्रास जातो. पण आतलं फंक्शनच बदललं तर कंपाइल होणार नाही आणि आपण पुन्हा त्याच सकाळी उभे. काकाजींना दोन्ही सांगितलं. ते म्हणाले, "जे एकदा केलं की मले विसरता येईल ते करा."

मग ते दोन डोंगल बाद केले आणि एआर९२७१ चिपचे दोन आणले, अँटेनावाले, जरा बोजड, फक्त २.४ गिगाहर्ट्झ आणि वेग १५० एमबीपीएसपर्यंत, म्हणजे आजच्या हिशोबाने म्हातारे. पण त्यांचा ड्रायव्हर वर्षानुवर्षं कर्नलमध्ये आहे आणि २०१३ मध्ये त्यांच्या फर्मवेअरचा सोर्सही खुला झाला, यूएसबी वायफायमध्ये अशी वस्तू विरळाच. फॉर्म भरायला आणि जुन्या प्रश्नपत्रिकांच्या पीडीएफ उतरवायला पुरून उरतं. सातशेचा एक पडला. पैसे मी घेतले नाहीत, काकाजींनी संत्रा बर्फीचा डबा हातात दिला, त्यावर भागलं.

प्रिंटर आहे तसाच आहे. ब्लॉब रोज सकाळी जातो. बदलायला सांगू शकलो असतो, पण चालत्या प्रिंटरला माझ्या तत्त्वासाठी बाहेर काढायचं म्हणजे काकाजींच्या खिशातून माझं समाधान विकत घेणं झालं असतं.

नंतर जूनमध्ये मानेवाड्याच्या एका अभ्यासिकेचं काम आलं, तिथेही डोंगल. या वेळी लॅपटॉप सोबत घेऊन सीताबर्डीवर गेलो, त्याच दुकानात, आणि काउंटरवर एकेक पॅकेट फोडायला लावून प्लग करून नंबर बघत बसलो. मागे गिऱ्हाइकांची रांग, वर पंखा गरम हवा फेकतोय. चौथ्या डोंगलला नंबर वेगळा आला तो बाजूला सरकवला. दुकानदार बघत होता. "काय भाऊ, डोंगल घेऊन राहिले का टरबूज?"

म्हटलं टरबूजच समजा. तो हसला, बाजूला ठेवलेला डोंगल परत डब्यात टाकला आणि मागच्या गिऱ्हाइकाला विकला. त्याच्याकडे विंडोज होतं म्हणे.